कपाटावरचा बैल

माणूस मोठा केव्हा होतो हे जन्मतारखेवरून ठरत नाही. बोर्डिंगमधले दिवस आणि नर्सिंगचं शिक्षण यांवर मी मागे बरीच पानं भरली आहेत, पण खरं सांगायचं तर मी मोठी झाले ती तिसगावात, दोन मुलींची आई झाल्यावर, आणि तीही एका चिंध्यांच्या बैलापायी. त्या वर्षाचा विषय निघाला की आजही माझ्या कपाळाला आधी आठी पडते. हसू मागाहून येतं, आणि तेही रोज येतं असं नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. हे एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातले तीन-चार मुक्काम बाहेरगावी. मी आरोग्यसेविका, म्हणजे गावाच्या भाषेत सिस्टर. लशीचा डबा खांद्याला लावून वस्त्या-वस्त्या फिरायचं, रजिस्टरं भरायची, मीटिंगला पाथर्डीला जायचं, आणि या सगळ्यातून घरी आलं की दारातच थोरली स्नेहल वही पुढे करून उभी आणि धाकटी मिनू कमरेला मिठी मारून. घरात सासूबाई होत्या म्हणून संसार चालला, हे मी तेव्हा कबूल करत नसे, आता करते. पहाटे मागच्या चुलीवर त्यांच्या बाजरीच्या भाकरी थापटण्याचे आवाज सुरू झाले की मला जाग यायची. त्याच वेळी रस्त्यावर जीपवाला ‘पाथर्डी पाथर्डी पाथर्डी’ असा ओरडायला लागायचा, आणि भाकरी थापणं आणि पाथर्डी यांचा असा काही ताल जमायचा की अंथरुणातच माझं डोकं दुखायला लागायचं. सासूबाई हुलग्याचे शेंगोळे अप्रतिम करायच्या. ते खायला मला कधी निवांत बसायला मिळालं नाही. ताटात वाढलेलं शेंगोळं आणि पायात अडकवलेली चप्पल, असं माझं जेवण.

या धबडग्यात माझी एकच चैन होती, क्रोशा. ही कला आईकडून आली, आईला तिच्या मिशनच्या शाळेतल्या बाईंनी शिकवली होती. पांढरा दोरा आणि एक सुई एवढ्यावर काम भागतं आणि ते पर्समध्ये मावतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. जीपमध्ये मागच्या बाकावर दहा माणसांत दाबून बसलं तरी दोन बोटं हलवायला जागा असली की पुरे. लोकांना वाटायचं सिस्टरला नाद लागलाय. नाद होताच, पण त्याला कारण होतं. दिवसभर मी जे करायचे ते दिवसाबरोबर नाहीसं व्हायचं. भाकरी खाऊन संपायची, धुतलेले फ्रॉक पुन्हा मळायचे, आज लस दिलेल्या पोराच्या शेजारी उद्या आणखी एक पोर जन्मलेलं असायचं. क्रोशाची ओळ मात्र आज विणली की उद्या तिथेच असायची. म्हणजे, मिनूच्या हाताला लागली नाही तर. मिनू वयाच्या तिसऱ्या वर्षी दोऱ्याचं टोक शोधून काढण्यात इतकी तरबेज झाली होती की माझे दोन महिने ती पाच मिनिटांत उसवून अंगणभर फिरवून आणायची, आणि सासूबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, “बरं झालं. जाळी इनून काय मासं धरायचे हायेत का तुला?”

तरी जे वाचलं त्यानं घर भरलं. टीव्हीवर रुमाल, कपाटावर रुमाल, पाण्याच्या माठावर रुमाल, रेडिओवर झालर. एकदा हे मुक्कामावरून आले, खुर्चीत टेकले आणि उशीखालून एक रुमाल काढून स्वतःच्या डोक्यावर पसरून बसले. “राहिलोच होतो मी झाकायचा,” म्हणाले. त्या दिवशी मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मंदाताईंना मी तीच गोष्ट हसत सांगितली. मंदाताई आमच्या गल्लीतल्या, वायरच्या पिशव्या विणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे रुमाल, माझ्याकडे तीस पिशव्या. बाजाराला एक लागते. मग बाकीच्या एकोणतीस कुणाच्या बापानं वापरायच्या?” पाथर्डी येईपर्यंत ठरलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या पडवीत बसायचं. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू आणायची, दुसरीची एक न्यायची. पैशाचं नाव काढायचं नाही. नाव ठेवलं ‘देवघेव’.

कल्पना सोपी होती. माणसं सोपी नसतात हे मी विसरले होते.

पहिल्याच रविवारी एकीनं नगरहून विकत आणलेलं तोरण आणलं, किमतीची चिठ्ठी तशीच लटकत असलेलं, आणि वर म्हणाली, गाठ तर मीच मारलीय. दुसऱ्या वेळी शेवयांवरून रण माजलं. एका म्हाताऱ्या मावशींनी हाताच्या शेवयांचा डबा आणला, केसासारख्या बारीक. मंदाताई म्हणाल्या, खायची वस्तू ही कला नाही. मावशी म्हणाल्या, तुझी पिशवी चार दिवस खाली ठेव आणि माझ्यासारखी एक शेवयी काढून दाखव. पाऊण तास हे चाललं. तेवढ्यात चहा दोनदा उकळून आटला, शेंगदाण्याचे लाडू पोरींनी संपवले, आणि शेवटी शेवया ज्या बाईच्या वाट्याला आल्या ती म्हणाली, आमच्याकडे कुणी गोड खात नाही. शिवाय कुणाला काय मिळावं यासाठी चिठ्ठ्या टाकायचो, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं की आपण मोती दिले आणि शिंपले घेतले. बायका गेल्या की मी पडवी झाडता झाडता शपथ घ्यायचे की पुढच्या महिन्यापासून बंद. आणि पुढचा महिना आला की सकाळपासून माझंच लक्ष घड्याळाकडे. तीन तास मी सिस्टर नव्हते, सून नव्हते, ‘मम्मी माझी वही’ नव्हते. हातात दुसऱ्या कुणाचं तरी काम घेऊन त्याचा टाका उलटसुलट बघण्यात जे सुख आहे ते न करणाऱ्याला सांगून कळत नाही. आता स्नेहल पुण्याहून मला विणकामाचे व्हिडिओ पाठवते. छान असतात. पण व्हिडिओ उलटा करून मागची गाठ बघता येत नाही.

सिंधूला देवघेवीत मीच बोलावलं. ती गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. दिवाळी झाली की नवरा-बायको बैलगाडी घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायची, तिथे पाचटाच्या कोपीत राहायची, ती उन्हाळा तापल्यावर परत. तिच्या धाकट्याला लस द्यायला गेले तेव्हा दोरीवर वाळत घातलेली एक गोधडी मी पाहिली. टाके इतके बारीक आणि एकसारखे, जशी मुंगी पावलं मोजत गेलीय. मी ती गोधडी डोळ्यांपुढून घालवू शकले नाही. म्हटलं, “सिंधू, रविवारी ये. काहीतरी हातानं केलेलं घेऊन ये.” काहीतरी म्हणजे गोधडी, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

ती आली. पडवीच्या पायरीवर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. पदराखालून तिनं काढला एक बैल. वीतभर उंचीचा, जुन्या धोतराच्या कापडाचा, आत चिंध्या ठासलेल्या. अंगावर लाल झूल, झुलीला टिकल्या, गळ्यात मणी. डावं शिंग अर्ध्यातच संपलेलं. “म्या क्येलाय,” ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. त्या दिवशी चिठ्ठ्यांना माझी थट्टा करायची लहर आली असावी. माझा दोन महिने खपून केलेला मोठा रुमाल सिंधूला गेला आणि मला आला बैल. मी तोंडदेखलं हसले. मनात म्हटलं, गोधडी मागितली आणि खेळणं आलं, तेही मोडक्या शिंगाचं. मिनूनं झुलीच्या टिकल्या खाऊ नयेत म्हणून बैल कपाटावर ठेवून दिला आणि विसरून गेले.

आता शाळेच्या ‘कार्यानुभव’ या विषयाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मुलांना हातानं काम करण्याची गोडी लागावी म्हणून हा विषय आहे असं म्हणतात. ज्यानं तो काढला त्याच्या घरी बहुधा नोकरी करणारी बाई नसावी. कारण कार्यानुभव मुलांचा कधीच नसायचा, तो आयांचा. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, पिस्त्याच्या सालांची फुलं, थर्माकोलची गावं, हे सगळं आया करायच्या आणि पोरं फक्त शाळेपर्यंत वाहून न्यायची. आणि सूचना मिळायची ती ऐन वेळी. त्या दिवशी सकाळी लसीकरणाची मोहीम. सात वाजता मला चौकात बूथ लावायचा होता, लशीचा डबा दारात, मिनूला ताप, आणि स्नेहल दप्तर पाठीला लावून म्हणते, “मम्मी, आज कार्यानुभवाची वस्तू द्यायचीय. शनिवारी प्रदर्शन आहे. बाईंनी मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं.”

“मग मागच्या आठवड्यात का नाही बोललीस?”

“बोलले होते. तू दोरा मोजत होतीस.”

हे खरं होतं, म्हणूनच मी जास्त चिडले. ओरडले, “कपाटावरचं काहीतरी घे आणि जा!” हे माझेच शब्द. ते विसरायला मला आवडलं असतं.

शनिवारी वस्त्यांचं काम आटपून मी डबा खांद्याला तसाच ठेवून शाळेत पोचले तेव्हा बक्षिसं सुरू झाली होती. लांब टेबलावर थर्माकोलच्या गावांच्या मधोमध माझ्या कपाटावरचा बैल उभा. त्याच्यापुढे पुठ्ठ्यावर ‘कु. स्नेहल, इयत्ता पाचवी, प्रथम क्रमांक’. मी बघत राहिले. स्नेहल पुढे गेली, पाहुण्यांच्या हातून कंपासपेटी आणि प्रमाणपत्र घेतलं, फोटो निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आजूबाजूच्या बाया माझ्याकडे वळून हसत होत्या, आणि हात खाली ठेवले तर काय म्हणतील, एवढाच विचार त्या वेळी मला सुचला.

गर्दी पांगली तशी टेबलाजवळ मला एक मुलगी दिसली. सिंधूची अर्चना. स्नेहलच्याच वर्गात, पण वर्षाचे सहा महिने बुडाल्यामुळे वयानं मोठी. तिनंही बैल आणला होता, पोत्याच्या कापडाचा, घाईघाईनं शिवलेला, टेबलाच्या पार टोकाला ठेवलेला. वर्गाच्या बाई तिला म्हणत होत्या, “स्नेहलचा बघून केलास ना? नक्कल करायची तर नीट तरी करावी.”

अर्चना चालत टेबलाच्या मधोमध आली, पहिल्या नंबरच्या बैलाच्या डाव्या शिंगावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाई, ह्यो आमचा सर्जा हाय.”

“अर्चना, दुसऱ्याच्या वस्तूवर असा हक्क सांगू नये.”

“त्याचं डावं शिंग मोडल्यालं हाय. गाडीखाली सापडलं हुतं तवा. बाकी कुनाच्या बैलाचं न्हाई.”

बाईंनी तिचं बोट बाजूला केलं आणि बैल जागेवर सारखा ठेवला. मी चार पावलांवर उभी होते. एक वाक्य पुरे होतं. मी खांद्यावरचा पट्टा सारखा केला आणि स्नेहलला घेऊन घरी आले. ज्या बाईनं उभ्या तालुक्यात लोकांना ‘लपवू नका, वेळेवर सांगा’ म्हणून सांगत फिरायचं, तिनं एवढं केलं.

घरी सगळा राग स्नेहलवर काढला. ती पाय आपटून रडली, पण तिचं म्हणणं सोडेना. “तूच म्हणालीस काहीतरी घे.”

“घे म्हटलं. मी केलाय म्हणून सांग, असं म्हटलं होतं?”

“बाईंनी सगळ्यांना विचारलं, कुणी केलं? सगळ्यांचं आयांनीच केलं होतं. सगळ्या मुली म्हणाल्या, मी. मग मी पण म्हणाले.”

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोरीला काय इचारतीस? आदी त्या वस्तीवर जाऊन तोंड दाखव.”

रविवारी चर्चमधून परस्पर मी वस्तीवर गेले. सिंधूच्या दारात खुंट्याला दोन बैल होते. त्यातल्या एकाचं डावं शिंग अर्ध्यातच संपलं होतं. तो रवंथ करत शांतपणे माझ्याकडे बघत होता, आणि कुणा बैलापुढे मला इतकं ओशाळवाणं कधी वाटलं नाही. सिंधू दारात ज्वारी पाखडत होती, अर्चना पलीकडे राखेनं भांडी घासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुझ्या हातचा बैल माझ्या पोरीनं स्वतःचा म्हणून दिला, मी बघून गप्प बसले, माझं चुकलं, उद्या शाळेत जाऊन सांगते.

सिंधूचं सूप थांबलं. तिनं आधी अर्चनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सिस्टर, कशाला जाता? त्यो काय म्या क्येलेला न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी ह्या पोरीनं क्येलाय. तुमी म्हनला, हातचं कायतरी आना. दिस उगवायच्या आदी रानात जायाचं, दिवं लागनीला घरला यायाचं. गोधडी निम्मी बी झाली न्हवती. मला येळ कुटं हुता? तिचा बैल फळीवर हुता, त्यो उचलला. तुमी समद्या चांगल्या बाया बसलेल्या, तितं पोरीचं हाय कसं म्हनायचं?”

भांडी घासण्याचा आवाज बंद झाला होता. अर्चना राखेचे हात तसेच घेऊन उठली. “आये, तू तर म्हनली सिस्टरच्या मिनूला खेळायला दिला. तू तुजा म्हनून दिला व्हय?”

सिंधू सुपातली ज्वारी चिवडायला लागली. दोन थोरल्या बाया, दोघींनाही वेळ नव्हता, आणि दोघींनी मिळून त्या पोरीचा बैल दोनदा पळवला होता. आधी तिच्या आईनं, मग माझ्या घरानं. पुन्हा देवघेवीचा नियम काय, तर वस्तू स्वतःच्या हातची हवी! तो नियम वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिला होता.

सोमवारी आम्ही दोघी शाळेत गेलो. सिंधूची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. स्नेहलला मी हाताला धरून नेलं, तिची बाईंसमोर मान वर होईना. बाई वाईट नव्हत्या. वैतागल्या होत्या, आणि का वैतागू नये? साठ पोरांचा वर्ग, त्यात प्रदर्शनाचं लचांड. “सिस्टर, रजिस्टरला चढलं सगळं. तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं.”

“अर्चनाला कळलं होतं,” मी म्हटलं.

बाईंनी टेबलाच्या खणातून पांढऱ्या शाईची बाटली काढली. नवीन प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, ती मोजून छापलेली होती. त्यांनी स्नेहलचं नाव पांढऱ्या शाईनं पुसून त्यावर अर्चनाचं लिहिलं. उजेडाकडे धरलं की खालचं नाव तसंच दिसायचं. कंपासपेटी स्नेहलनं आधीच उघडली होती, त्यातल्या करकटकानं बाकावर वर्तुळंही काढली होती, ती पेटीही पुसून परत दिली. अर्चनानं दोन्ही घेतलं. कुणाचे आभार मानले नाहीत. का मानावेत?

मी तिच्यापुढे बैल धरला. तिनं मान हलवली. “नगं. तुमचा रुमाल आमच्या घरी आलाय ना. मग द्येवघ्येव झाली.” दोन पावलं जाऊन परत आली. “पर कोनी इचारलं तर माजं नाव सांगायचं.”

तेव्हापासून मी सांगत आले आहे. जावयांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगितलं.

एवढ्यावर सुटका झाली असती तर काय हवं होतं! अर्चनानं आईला बजावलं की इथून पुढे तिची वस्तू तीच घेऊन येणार. ती आली, तर देवघेवीत वाद, की पोरींना घ्यायचं का? मंदाताई म्हणाल्या, आज एक आली, उद्या बालवाडी भरेल. शेवयांच्या मावशी म्हणाल्या, तुमच्या वयाच्या बाया भांडतात, पोरी निदान गप्प तरी बसतील. मी त्या दिवशी इतकी कंटाळले होते की वही मिटून सरळ म्हटलं, पडवी माझी आहे, पोरी बसतील. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा हुकूमशाहीचा प्रसंग. आणि चिठ्ठ्या फक्त पाळी ठरवायला, आपल्याला हवी ती वस्तू जिनं तिनं स्वतः निवडायची, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

स्नेहलला मी शिक्षा दिली होती, दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या हातानं एक वस्तू पुरी करायची. माझ्या पोटची पोर, पण सुई तिच्या हातात कुदळीसारखी दिसायची. तिनं जुन्या चादरीचा एक चौकोन घेतला, चार घड्या घालून कडा शिवल्या आणि मधे गुलाबाचं फूल भरलं. फूल आहे हे ती सांगायची तेव्हा कळायचं. चौकोन चौकोनी नव्हता. दर दोन दिवसांनी ती तो फेकून द्यायची आणि मी उचलून आणून तिच्यापुढे ठेवायचे. एकदा तर हेसुद्धा म्हणाले, सोड गं आता तिला. मी सोडलं नाही. तिच्यापेक्षा मला स्वतःलाच शिक्षा करायची होती, असं आज वाटतं. पण तेव्हा त्या पोरीनं माझ्याशी आठ दिवस धड बोलणं टाकलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिनं तो चौकोन पडवीत सतरंजीवर ठेवला. ‘टेबलावर ठेवायचा रुमाल’ असं पाटीवर लिहिलंही. पाळी आली तशी एकेक बाई उठायची, त्यावरून नजर फिरवून दुसरंच काही उचलायची. मी माझी पाळी दुसरीला दिली. मी तो उचलला असता तर स्नेहलनं मला जन्मभर माफ केलं नसतं. शेवटी सतरंजीवर तो एकटाच राहिला. स्नेहल भिंतीकडे तोंड करून मिनूची वेणी घालत होती. मिनूचे केस वेणी घालण्याएवढे नव्हते.

तेवढ्यात सिंधू आली, धावत. दुसऱ्या दिवशी गाड्या निघणार होत्या, तिची बांधाबांध चाललेली. अर्चना या वर्षी आजीपाशी राहून शाळा पुरी करणार होती, हे तिनं आल्या आल्या पायरीवरूनच सांगितलं. हातात एक पुरी झालेली छोटी गोधडी. ती तिनं सतरंजीवर ठेवली. बायकांचे डोळे तिकडे लागले. सिंधूनं इकडेतिकडे पाहिलं, उरलेला चौकोन उचलला, दोन बोटांत दाबून जाडी बघितली. “ब्येस झालं. तवा धरायला कायबी न्हवतं.”

“तो टेबलावर ठेवायचा आहे!” स्नेहल भिंतीकडेच तोंड करून ओरडली.

“कोपीत टेबल कुटनं आनू गं बाय?” म्हणत सिंधूनं तो कमरेला खोचला आणि गेली. गोधडीसाठी पडवीत जे झालं ते मी लिहीत नाही. त्यातल्या काही बाया अजून हयात आहेत. स्नेहल त्या संध्याकाळी जेवली नाही. दोन आठवडे मरमरून भरलेलं फूल आता कुठल्यातरी चुलीपुढे जळणार, आणि हे सगळं माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं. मला तिची समजूत घालता आली नाही. खरं म्हणजे मलाही ते लागलं होतं.

अर्चना आजीपाशी राहिली आणि दर शेवटच्या रविवारी येत राहिली. तिची आणि स्नेहलची मैत्री झाली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही झाली. एका सतरंजीवर दोन टोकांना बसायच्या.

उन्हाळा पार तापल्यावर ऊसतोडीच्या गाड्या गावात परत आल्या. एका दुपारी मी दारात रजिस्टर भरत बसले होते, स्नेहल कैरीला मीठ लावून खात होती, आणि पायरीवर सिंधू उभी. उन्हानं रापलेली, आणखी वाळलेली. धाकट्याची राहिलेली लस विचारायला आली होती. ते बोलून झालं तशी तिनं कमरेच्या पिशवीत हात घातला आणि एक काळंठिक्कर फडकं काढून स्नेहलच्या मांडीवर टाकलं. कडा जळून गेलेल्या, मधोमध रुपयाएवढं भोक, त्याच्या बाजूला तेलकट लाल दोऱ्याचे चार टाके.

“ह्ये संपलं,” सिंधू म्हणाली. “दुसरं दे.”

स्नेहलनं ते उचललं. त्याला धुराचा आणि करपलेल्या भाकरीचा वास येत होता. तिनं ते उलटं केलं, मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मी विणलेले रुमाल माझ्या घरात आणि गावभर होते, कपाटांत, टीव्हीवर, काचेमागे, धुवून इस्त्री करून ठेवलेले. एकही कुणी संपवला नव्हता.

“एवढ्यात संपलं?” स्नेहल चिडून म्हणाली. “सहा महिने पण नाही टिकलं?”

“रोज दोन येळा तवा उतरायचा म्हनल्यावर किती टिकंल? आता जाड कर. सा घड्या घाल.”

स्नेहल कैरी तशीच ठेवून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग सासूबाईंचा ओरडा, की जुनं लुगडं नको घेऊस, त्या खालचं घे. सिंधू पायरी उतरायला लागली होती. फाटकापाशी थांबली आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली,

“आन् पोरी, फूल काढ बरं का. बिनफुलाचं नगं मला.”